चौथा कान

"उघडत न्हाय म्हणजे उघडत न्हाय. फाईल खराब हाय म्हणून मेल लिही आणि विषय संपव."

"खराब न्हाय सर. तुम्ही ज्या कॉम्प्युटरवर उघडाय बसलाय, त्याला ती कळत न्हाय."

"कॉम्प्युटरला कळत न्हाय, मला कळत न्हाय, तुला तेवढं कळतंय."

"व्हय."

ड्रॉइंग ऑफिसच्या विक्रम सरांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, तो जरा जोरातच. चहा सांडून सीडीच्या कव्हराकडं निघाला तशी रूपालीनं सीडी उचलून छातीशी धरली. सीडी बावीस वर्षांची, कडेला पिवळी पडलेली. वरती निळ्या शाईत कुणीतरी लिहिलेलं: पंप कव्हर, इटली, २००३.

"सर्व्हरवर त्या वेळचं फोल्डर हाय," विक्रम सर म्हणाले. "त्यात ड्रॉइंग हाय. प्रिंट मार, पॅटर्न शॉपला दे. गिऱ्हाईकाला दहा दिवसांत नमुना पायजे."

"त्या फोल्डरमधल्या ड्रॉइंगवरनं मागच्या खेपेला केलेली सगळी कव्हरं परत आलती."

"ती भरमामुळं आलती. ड्रॉइंगमुळं न्हाय."

"कोण भरमा? पूर्ण नाव सांगा."

विक्रम सरांनी छताकडं बघितलं. "सुरू झालं हिचं."

उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीत 'भरमा' हा शब्द सगळ्यांच्या तोंडात होता. पॅटर्नचं माप चुकलं की भरमा झाला. साचा उलटा बसला, भरमा. कँटीनमध्ये आमटीत मीठ दोनदा पडलं तरी वाढपी म्हणायचा, "आज एक भरमा झालाय, सांभाळून घ्या." नवीन आलेल्या पोरांना तो कानडी शब्द वाटायचा, आणि कानडी बोलणाऱ्यांना मराठी. तो एका माणसाचा होता हे ठाऊक असलेली माणसं आता चार-पाचच उरली होती.

रूपाली कामाला लागून चार वर्षं झाली. ड्रॉइंगचं काम करायची. शब्द कानावर पडला की हातातलं काम सोडून, मान वर करून, शांतपणे विचारायची, "कोण भरमा? पूर्ण नाव सांगा." समोरचा हसायचा. ही हसायची नाही, उत्तर येईपर्यंत बघत राहायची. शेवटी तो "जाऊ दे गं आक्का" म्हणून निघून जायचा. काही जणांनी तिच्यासमोर तो शब्द वापरणं सोडलं, पटलं म्हणून नव्हे, वैतागून.

मुलाखतीच्या दिवशी तिला विचारलं होतं, वडिलांचं नाव? तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं होतं: भरमा रवळू पाटील. गाव सांबरा. लिहिणाऱ्यानं ते लिहूनही घेतलं. मान काही वर केली नाही.

भरमा रवळू पाटील या फाउंड्रीचे पॅटर्नवाले होते. जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी लाकडात करायचा, मग त्याचा वाळूत ठसा घ्यायचा. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच वेगळी असते. हजाराला दहानं मोठी. तिच्यावरचा एक इंच बाजारातल्या इंचाशी जुळत नाही. आप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची, पट्टी पितळेची होती. लहानपणी रूपालीनं तिच्यानं वहीत समास आखले, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, तुझ्या सेंटिमीटरला सूज आलीय काय गं.

२००३ साली इटलीच्या गिऱ्हाईकानं पंपाच्या कव्हराचं काम दिलं. कव्हराला चार कान. कान म्हणजे बोल्ट बसायला बाहेर काढलेले चार उंचवटे. आप्पांनी पॅटर्न केला, कव्हरं ओतली, बोटीनं गेली आणि बोटीनंच परत आली. चौथा कान आठ मिलिमीटर चुकीच्या जागी. आप्पा म्हणाले, माझ्या शीटवर शहात्तर लिहिलेलं, मी शहात्तरावर कान बसवला. ऑफिसनं इटलीवाल्यांच्या तक्रारीवरनं सांगितलं, ते जुनं ड्रॉइंग. सुधारित ड्रॉइंगवर चौऱ्याऐंशी आहे, आम्ही तेही दिलं होतं, तू बघितलं नाहीस. शीट चौकशीला म्हणून मागून नेलं, ते परत आलं नाही. आप्पांनाही परत बोलावलं नाही.

रूपाली तेव्हा बारा वर्षांची. तिनं आप्पांना पुढं रताळी लावताना बघितलं, बैल हाकताना बघितलं, अंगणात बसून डोक्यावरनं जाणाऱ्या विमानांची वेळ सांगताना बघितलं. लाकडाला हात लावताना बघितलं नाही. खंडेनवमीला तेवढी ती पितळी पट्टी फडक्यातनं निघायची. आप्पा ती चिंचेनं घासायचे, हळदीकुंकू लावायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळून ठेवायचे. आई, मालुबाई, एकदा म्हणाली, "त्या पट्टीनं पोटाला घास घातला, ती पुजायची. ज्यांनी काढून घेतला त्यांची नावं घेऊन दिवस कशाला नासवायचा." तेवढंच. घरात पुन्हा विषय नाही.

विषय रूपालीनं धरून ठेवला. डिप्लोमाला होती तेव्हा लॅबमधले कॉम्प्युटर इतके जुने की विंडोज सुरू होऊन डोळे उघडेपर्यंत तास संपायचा. तिथल्या सरांनी सगळ्यांवर लिनक्स घातलं. पोरं कुरकुरली. रूपालीला मात्र ते आवडलं, कारण ते काही लपवत नव्हतं. काय चाललंय ते ओळीनं सांगायचं, चुकलं तर कुठं चुकलं तेही सांगायचं. पहिल्या पगारात तिनं जुना लॅपटॉप घेतला आणि त्यावरही तेच घातलं. विक्रम सर त्याला 'रूपालीची चूल' म्हणायचे. दिसायला काळी आणि पेटवायला तिलाच येते म्हणून.

सर्व्हरवरचं ते जुनं फोल्डर तिनं कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात शोधलं होतं. आताचे मालक नागेंद्र साहेब, त्यांच्या नावाचं: 'नागेंद्र नवीन'. आत शेहेचाळीस ड्रॉइंग. कव्हराचं एकच, शहात्तरवालं. आणि तळाशी एक चिमुकली मजकुराची फाईल, जी कुणी कधी उघडली नसावी. फायली ज्या प्रोग्रॅमनं उतरवल्या, त्यानं स्वतःहून लिहून ठेवलेली नोंद. तारीख, वेळ आणि एक ओळ: सत्तेचाळीसपैकी शेहेचाळीस फायली उतरल्या, एक वगळली.

कुठली वगळली ते नव्हतं. ते फक्त मूळ सीडी सांगू शकली असती, आणि सीडी साहेबांच्या कपाटात. चार वर्षं ती त्या कपाटासमोरनं जात-येत होती. आता इटलीवाल्यांनी पुन्हा तीनशे कव्हरं मागितली, आमच्याकडची जुनी ड्रॉइंगं गेली, तुम्हाला पाठवलेल्या सीडीवरनं करा म्हणाले, आणि कपाट उघडलं.

"जेवणाच्या सुट्टीत कर काय करायचंय ते," विक्रम सर शेवटी म्हणाले. "दोनला मेल गेला पायजे. उघडली तर उघडली म्हणून, न्हायतर खराब म्हणून."

"बरं."

"आणि रूपाली, त्या चुलीतनं धूर निघाला तर मला हाक मारू नको."

एक वाजता भोंगा झाला. रूपालीनं डबा बाजूला सारला, लॅपटॉप काढला, वायरीचा सीडी ड्राइव्ह जोडला. दारात परशराम फोरमन येऊन उभे राहिले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, हातावर वाळूनं पडलेले काळे डाग. एके काळी आप्पांच्या हाताखाली शिकलेले. रूपाली कुणाची हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेही त्या दिवशी काही बोलले नव्हते.

"मिळाली म्हणं सीडी."

"या की मामा. बसा."

ते बसले नाहीत. "हे उघडत का न्हाय गं ह्यांच्यात?"

"तुम्ही परगावी जाताना वाकळा कशा नेता? आधी सगळ्यांचं एक गाठोडं बांधता, मग गुडघ्यानं दाबून ट्रंकेत बसवता. इटलीवाल्यांनी तेच केलंय. आधी बांधलंय, मग दाबलंय. पण त्यांच्या कॉम्प्युटरची गाठ निराळी. आपल्या लोकांनी ती सोडवली व्हती, न्हाय असं न्हाय. पण एक वाकळ आत राहिली."

"कुठली?"

"तेच बघायचंय."

सीडी दोनदा घरघरली, थांबली. तिसऱ्यांदा रूपालीनं ती ओढणीच्या टोकानं आतनं बाहेर पुसली, चक्रासारखी नव्हे, सरळ रेषेत. मग एक ओळ टाइप केली: आधी सोडू नको, नुसती नावं दाखव. पडद्यावर नावं वरनं खाली पळाली आणि थांबली. तिनं मोजायला सांगितलं. पडद्यानं सांगितलं, सत्तेचाळीस.

परशरामांनी आता खुर्ची ओढली.

एका बाजूला सीडीतली नावं, दुसऱ्या बाजूला सर्व्हरवरची. रूपाली एकेक जोडी जुळवत खाली आली. बावीस जुळली. तीस. परशरामांचे ओठ हलत होते, जसे वाळूचे साचे मोजताना हलतात. अडतिसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. डावीकडं दोन नावं होती, उजवीकडं एकच.

"हे कव्हरचं. आवृत्ती बी. हे आपल्याकडं हाय. आणि हे खालचं बघा मामा. कव्हर. आवृत्ती सी. तारीख. आणि पुढं वेळ घातलीय, सोळा, दोन ठिपके, चाळीस. पावणेपाचच्या सुमाराला सुधारलं आणि सुधारल्याची वेळ नावातच लिहिली. त्यांची पद्धत असणार घाईच्या कामाला."

"मग?"

"विंडोजला नावात ते दोन ठिपके चालत न्हाईत. त्यांच्या सिस्टीमला चालतात, माझ्या चुलीला चालतात. ह्याला न्हाय. तो फाईल करतच न्हाय. विचारतो, ही एक जमत न्हाय, सोडून देऊ काय? आणि कुणीतरी म्हटलं, दे सोडून."

तिनं गाठोडं सोडलं. सत्तेचाळीस. आवृत्ती सी उघडली. चार कान, आणि चौथ्याच्या बाणावर चौऱ्याऐंशी.

परशराम त्या आकड्याकडं बघत म्हणाले, "मी व्हतो गं तवा. आप्पानं शीट दाखवलंतं मला. शहात्तरच व्हतं."

"ठाऊक हाय."

"मी बोललो न्हाय."

"ते पण ठाऊक हाय. डबा खावा चला, मिरचीचा ठेचा आणलाय."

दोन वाजता मेल गेला नाही. दोन वाजता रूपाली नागेंद्र साहेबांच्या केबिनमध्ये होती. साहेब पंचेचाळिशीचे, सभ्य, कामगारांच्या लग्नांना न चुकता जाणारे. २००३ साली बावीस वर्षांचे, नुकतेच शिकून आलेले. फाउंड्रीतला पहिला कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर बसला होता. तिनं दोन्ही प्रिंट समोर ठेवल्या आणि 'एक वगळली' या नोंदीच्या ओळीची तिसरी.

साहेबांनी चष्मा लावला, काढला. "शाब्बास रूपालीआक्का. वाचवलंस आपल्याला. परत शहात्तरावर केलं असतं तर नाकच कापलं असतं."

"मागच्या खेपेला कुणाचं कापलं साहेब?"

साहेब म्हणाले, "भरमाप्पांची मुलगी न्हवं तू? मला मागंच कुणीतरी बोललंतं."

"सुधारित शीट दिलंतं म्हणून सांगितलं त्यांना. ह्या ऑफिसात ते उतरलंच न्हवतं, तर दिलं कुठनं?"

"आक्का, त्या वेळी सगळंच नवीन होतं. लाइट जायचे, मध्येच बंद पडायचं. काही विचारलं की आम्ही पुढं पळवायचो. मला काय ठाऊक ठिपके बिपके."

"ते मान्य. ते न्हवतं ठाऊक. पण शीट चौकशीला म्हणून आणलं, त्यावर 'आवृत्ती बी' असं लिहिलेलं. ते बघितलं तवा तरी कळलं असेल की."

"वडील होते तवा. माझ्या हातात काय न्हवतं."

"एक बटण व्हतं."

साहेबांचा चेहरा तापला आणि निवला. शहाणा माणूस, दहा दिवस डोळ्यांपुढं होते. त्यांनी फोन उचलून परशरामांना विचारलं, जुना पॅटर्न आहे का, कान सरकवायला किती वेळ. पलीकडून उत्तर आलं ते रूपालीलाही ऐकू गेलं. पॅटर्न माळ्यावर आहे. कान अर्ध्या दिवसात सरकेल. पण सरकवणार कोण?

पॅटर्न शॉपची एक रीत होती. ज्याच्या हातचा पॅटर्न, त्याच्याच हातानं मोडायचा किंवा बदलायचा. माणूस नसेल तर त्याच्या घरच्यांकडनं परवानगीचा नारळ घेऊन. म्हणून तर तो नाकारलेला पॅटर्न बावीस वर्षं माळ्यावर पडून होता, कुणी बंबातही घातला नव्हता. नवा करायचा तर तीन आठवडे.

"मी हात लावणार न्हाय साहेब," परशराम फोनवर म्हणाले. "माझी पोरं पण लावणार न्हाईत."

"मग बोलवूया भरमाप्पांना," साहेब म्हणाले. "मानानं बोलवूया. गाडी पाठवतो."

"मान कुठं देणार? हितं केबिनात, का तिथं शॉपात?"

"म्हणजे?"

रूपालीनं चौथा कागद काढला. तो तिनं डबा खाताना लिहिला होता, वर मराठीत, खाली कानडीत. २००३ च्या पंप कव्हरमधली चूक भरमा रवळू पाटील यांची नव्हती. सुधारित ड्रॉइंग ऑफिसमध्ये उघडलंच गेलं नव्हतं. खाली सहीची जागा. "हे नोटीस बोर्डावर लावायचं. तुमच्या सहीनं."

"घरातलीच माणसं आपण. लिहून कशाला?"

"बोलून झालेलं बावीस वर्षं पुरलंय साहेब. लिहिलेलं पण तेवढं टिकू दे."

"बघूया," म्हणाले साहेब, आणि कागद पेपरवेटखाली सरकवला.

संध्याकाळी घरी रूपालीनं सांगितलं तेव्हा आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. सत्तेचाळीस, शेहेचाळीस, दोन ठिपके. मग एवढंच विचारलं, "चौथा कान चौऱ्याऐंशीवरच हाय न्हवं? पंच्याऐंशी न्हाय?"

"चौऱ्याऐंशी."

"मग बरोबर हाय. तिथंच पायजे व्हता तो. मला तवाच जवळ वाटलंतं." आणि उठून पेटीतनं फडकं काढलं. खंडेनवमीला अजून दोन महिने होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाठवलेली गाडी सांबऱ्यातनं रिकामीच परत आली. आप्पा रूपालीच्या स्कूटीवर मागं बसून आले, टोपी एका हातानं धरून. फाटकावरच्या रजिस्टरमध्ये त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश. वॉचमननं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि उठून उभा राहिला.

पॅटर्न शॉपात पॅटर्न टेबलावर काढून ठेवला होता. धूळ पुसलेली, पण बुडाला खडूनं इंग्रजीत मोठं 'भरमा' लिहिलेलं तसंच होतं. कुणी कधी गमतीनं लिहिलेलं. साहेब होते, विक्रम सर होते, परशराम होते, आणि दारात साचेवाले गोळा झाले होते. आप्पांनी कुणाला नमस्कार केला नाही, कुणाचा चुकवलाही नाही. फडकं सोडलं. पितळी पट्टी चौथ्या कानाला लावली, अंगठा घासत नेला, थांबवला.

"शहात्तर," परशराम मोठ्यानं म्हणाले. दारातल्यांना ऐकू जाईल एवढ्यानं.

आप्पांनी बाकीचे तीन कानही मोजले. प्रत्येक आकडा परशरामांनी तसाच मोठ्यानं सांगितला. लाकूड बावीस वर्षांत तसूभर वळलं नव्हतं.

"आप्पा," साहेब पुढं झाले. आवाज खरोखर मऊ होता. "झालं ते वाईट झालं. पण चूक तशी कुणाचीच न्हवती. मशीनची व्हती म्हणायची."

"बावीस वर्षं तर एकाचीच व्हती," रूपाली म्हणाली. "आता सापडली तर कुणाचीच न्हाय?"

"रूपाली, मोठ्यांच्यात बोलू नको," विक्रम सर म्हणाले, पण त्यांचंही मन त्यात नव्हतं.

साहेबांनी खिशातनं तो कागद काढला. चार घड्या घातलेला. उलगडून पॅटर्नशेजारी ठेवला. सहीची जागा कोरी. खिशातनं पेन काढलं, टोपण काढलं.

"हे बघा आप्पा, मी माघार घेणारा माणूस न्हवे. कागद हितंच हाय, पेन हितंच हाय. तुम्ही आधी कान सरकवून द्या. संध्याकाळपर्यंत नमुना ओततो, आणि लगेच सही करतो. बोर्डावर स्वतः लावतो. चाललं न्हवं?"

आप्पांनी कागद वाचला. ओठ हलवत, वरची मराठी आणि मग खालची कानडीही. स्वतःच्या नावावर पितळी पट्टी ठेवली, जणू तेही मोजत होते. मग पट्टी उचलली, फडक्यात घातली, फडक्याची गाठ मारली. एका हातानं पॅटर्न उलटा केला, बुडाचा खडू तळव्यानं पुसला, तळवा धोतराला पुसला.

"आप्पा?" साहेब म्हणाले. "काय म्हणताय? चाललं न्हवं?"

ऑफिसच्या बाजूचं दार जवळ होतं. आप्पा त्या दारानं गेले नाहीत. ते साचेवाल्यांच्या मधनं, वाळूच्या ढिगांमधनं, भट्टीसमोरनं, शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले. माणसं बाजूला होत गेली. एका नव्या साचेवाल्यानं हळू विचारलं, कोण हो हे. परशरामांनी पूर्ण नाव सांगितलं.

साहेबांनी पुन्हा एकदा हाक मारली. पेन उघडंच होतं त्यांच्या हातात. आप्पा फाटकाच्या उन्हात गेले होते.